पाद्री आणि कारभाऱ्यासाठीही एक सकाळ राखा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

एका ऐतिहासिक कॅसलमध्ये यंदापासून पाश्चात्त्य अभिजात चेंबर म्युझिकचा महोत्सव सुरू होत असल्याची बातमी आपल्या अंकात वाचली आणि हातातले काम बाजूला पडले. बातमी दोनदा वाचली, मग सोबतचे छायाचित्र बराच वेळ बघत राहिले. चहूबाजूंनी उंच दगडी भिंती, मधल्या अंगणात खुर्च्यांच्या रांगा, पुढे रंगमंच आणि त्याच्या दोन्ही अंगांना ध्वनिक्षेपकांचे मनोरे. बातमीने जितका आनंद झाला, तितकीच त्या मनोऱ्यांनी काळजी लावली. म्हणून हे पत्र. लांबले आहे, त्याबद्दल क्षमस्व.

मी व्यवसायाने लेखापाल. वयाच्या एकतिसाव्या वर्षी व्हायोला शिकायला लागले. व्हायोलिनहून थोडे मोठे आणि पंचमाइतके खाली लावलेले हे वाद्य. त्याचा सूर गर्दीत चटकन ओळखू येत नाही, पण तो काढून घेतला की संगीतातला मधला मजलाच नाहीसा होतो. गेली २२ वर्षे दर रविवारी सकाळी आम्ही चौघे एकत्र बसतो. पहिल्या व्हायोलिनवर एक दंतवैद्य, दुसऱ्यावर एक निवृत्त शिक्षक, चेलोवर एक वीज-अभियंता आणि व्हायोलावर मी. आम्ही तिकीट लावून कधी वाजवले नाही आणि वाजवणारही नाही. पण अठराव्या शतकातला ऑस्ट्रियन संगीतकार हायडन याच्या ६८ स्ट्रिंग क्वार्टेटांपैकी, म्हणजे अशाच चार वाद्यांसाठी लिहिलेल्या रचनांपैकी, ४१ आमच्या हातांखालून गेले आहेत, काही नीट, काही अडखळत.

नऊ वर्षांपूर्वी मी अशाच एका जुन्या कॅसलच्या अंगणात हायडनचा ‘एम्परर’ क्वार्टेट ऐकला. ओपस ७६ या क्रमांकाच्या संचातला तिसरा, १७९७ च्या सुमाराचा. त्याचा दुसरा भाग ज्यांनी ऐकला असेल त्यांना ठाऊक आहे की तिथे हायडनने एक विलक्षण साधी गोष्ट केली आहे. एकच धून, पाच वेळा. मूळ धून पहिले व्हायोलिन मांडते. मग पहिल्या फेरीत ती दुसऱ्या व्हायोलिनकडे जाते, दुसऱ्या फेरीत चेलोकडे, तिसऱ्यात व्हायोलाकडे आणि चौथ्यात पुन्हा पहिल्या व्हायोलिनकडे. धून जवळजवळ जशीच्या तशी राहते, बदलते ती तिच्या भोवतीची सोबत. म्हणजे चौघांपैकी प्रत्येकाच्या हाती ती एकदा तरी येते आणि बाकीचे तिघे त्या वेळी तिला जागा करून देतात. व्हायोला वाजवणाऱ्याच्या आयुष्यात अशी तिसरी फेरी फार थोड्या वेळा येते. मी त्या रात्री तिचीच वाट पाहत बसले होते.

ती आली आणि निघून गेली. डोळ्यांना दिसत होते की उजवीकडे बसलेली बाई धून वाजवते आहे, कानांना मात्र ती डावीकडच्या मनोऱ्यातून येत होती. पहिले व्हायोलिनही तिथूनच, चेलोही तिथूनच. चार माणसांचे चार आवाज एका पेटीत कोंबून पुन्हा बाहेर सोडले होते. कोणी कोणाला जागा करून दिली, हे कळायला काही मार्गच नव्हता. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या, कारण चौघे उत्तम वादक होते आणि त्यात त्यांचा काही दोष नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॅसल आतून पाहायला गेले. वरच्या मजल्यावरच्या बोळातून जाताना एका किलकिल्या दारातून तीच धून ऐकू आली. आत जेमतेम पन्नास माणसे मावतील एवढा दिवाणखाना, लाकडी छत, भिंतीवर एक विटका गालिचा टांगलेला. तेच चौघे, साध्या कपड्यांत. जमीन दगडी होती, त्यामुळे चेलोची खालची टोकदार दांडी सरकत होती. चेलोवादकाने एक पट्टा खुर्चीच्या पायाला अडकवून त्यात ती रोवली होती. ते तिसऱ्याच फेरीवर काम करत होते. व्हायोलावाली म्हणाली, ‘‘काल बाहेर मला तुमच्यापैकी कोणीच ऐकू येत नव्हतं. मी नुसती मोजत होते.’’ मग चार बार, म्हणजे तालाची चार आवर्तने, त्यांनी पुन्हा वाजवले. आणि पुन्हा. दुसऱ्या व्हायोलिनने गज खालच्या दिशेऐवजी वरच्या दिशेने सुरू करून पाहिला. चेलोवाला म्हणाला, ‘‘तू श्वास घेतेस तो मला दिसू दे, मग मी थांबेन.’’ अकराव्या खेपेला ते जमले. जमले म्हणजे काय झाले, ते सांगणे कठीण आहे. तिघे थोडे मागे सरले आणि व्हायोलाचा सूर खोलीच्या मधोमध उभा राहिला. मी अजून बोळातच होते, दार किलकिलेच होते, तरी डोळे मिटून मला सांगता आले असते की कोण कुठे बसले आहे.

त्यांच्यातल्या एकाचे माझ्याकडे लक्ष गेले. दार लावून घेतील असे वाटले. त्याने एक रिकामी खुर्ची पायाने माझ्याकडे सरकवली. चाळीस मिनिटे मी तिथे बसले. आदल्या रात्रीच्या मैफलीतले मला आज फारसे काही आठवत नाही, ती चाळीस मिनिटे मात्र बारसकट आठवतात.

नव्या महोत्सवाच्या आयोजकांना माझे जे सांगणे आहे ते या खुर्चीपासून सुरू होते. चेंबर म्युझिक हे मुळात वाजवणाऱ्यांचे संगीत आहे. चेंबर म्हणजे खोली. ऐकणाऱ्याला त्या खोलीत येऊ देतात, पण वादक एकमेकांसाठी वाजवत असतात आणि आपण ते वाजवणे ऐकायचे असते. ही ओळख पुसून टाकली तर कॅसल नुसती शोभेची पार्श्वभूमी उरते.

आणि कॅसल ही या संगीताची शोभा नाही, ते त्याचे जन्मघर आहे. ऑस्ट्रियात व्हिएन्नापासून काही मुक्कामांवर वाइनत्सीर्ल नावाची एक गढी आहे. १७५० च्या दशकाच्या उत्तरार्धात ती फ्यूर्नबेर्ग नावाच्या सरदाराची होती. (कॅसलला किल्ला म्हणावे तर लढाई आठवते. अशा ठिकाणी मला गढी हाच शब्द बरा वाटतो.) त्याला संगीताची आवड होती. अधूनमधून तो चौघांना वाजवायला बोलवी. त्या गावचा पाद्री, त्याच्या जहागिरीचा कारभारी, आल्ब्रेश्त्सबेर्गर नावाचा चेलोवादक आणि पंचविशीच्या आसपासचा, अजून कुठेच बस्तान न बसलेला योजेफ हायडन. सरदाराने हायडनला सांगितले, या चौघांना वाजवता येईल असे काहीतरी लिही. त्याने लिहिले, ते आवडले, म्हणून आणखी लिहिले. ही हकीकत हायडनच्या वृद्धपणी त्याच्याकडे जाणाऱ्या-येणाऱ्या ग्रीझिंगर या चरित्रकाराने नोंदवून १८१० मध्ये छापली. ज्याला आज आपण स्ट्रिंग क्वार्टेट म्हणतो, त्याचा हायडनच्या हातून झालेला आरंभ हा असा आहे. चौघांपैकी दोघे हौशी. दिवसा एक प्रार्थना सांगत होता आणि दुसरा जहागिरीचे हिशोब पाहत होता. हिशोब पाहणाऱ्याशी माझे नाते लगेच जुळते.

हे कौतुकापुरते राहिले नाही, तर क्वार्टेटच्या घडणीतही उतरले. त्या काळी क्वार्टेट छापले जात ते चार सुट्या वह्यांत, प्रत्येक वाद्याची एक वही. चारही ओळी एकाखाली एक मांडलेला स्कोअर विकतच मिळत नसे. हायडनच्या क्वार्टेटांचे खिशात मावणारे छोटे स्कोअर पॅरिसचे प्रकाशक प्लेयेल यांनी काढले, ते १८०२ पासून पुढे. तोवर हे संगीत समजून घ्यायचा राजमार्ग एकच, चौघे जमवून वाजवणे. तुमच्यासमोर फक्त तुमची वही. बाकीच्या तिघांचे काय चालले आहे ते कानांनीच कळणार. हायडन लिहिताना हे धरून चालला होता. म्हणून त्याच्या क्वार्टेटांत मध्येच सगळे थांबतात, कोणीतरी चुकल्यासारखे वाटते, मग लक्षात येते की ती गंमत लिहिलेलीच आहे. ती कळते पहिल्यांदा वाजवणाऱ्याला, आणि त्याच्या चेहऱ्यावरून ऐकणाऱ्याला. बाराव्या रांगेतून चेहरा दिसत नाही.

पुढेही ही परंपरा तुटली नाही. १७८४ मध्ये व्हिएन्नात एका घरी चार संगीतकारांचा क्वार्टेट जमला होता. पहिल्या व्हायोलिनवर हायडन, दुसऱ्यावर डिटर्सडोर्फ, चेलोवर व्हानहाल आणि व्हायोलावर मोत्झार्ट. तो ऐकलेला गायक मायकेल केली आपल्या आठवणींत लिहितो की चौघे बऱ्यापैकी वाजवणारे होते, आपापल्या वाद्यात असामान्य म्हणावा असा एकही नव्हता. मोत्झार्ट हाती व्हायोला घेऊन बसे, हे वाक्य मी आमच्या दंतवैद्यांना वर्षातून एकदा तरी ऐकवते. बेटहोव्हनकडून १८०६ मध्ये तीन क्वार्टेट लिहून घेणारा रशियन राजदूत काउंट राझुमोव्स्की स्वतः दुसरे व्हायोलिन वाजवी. ज्याने पैसे दिले तो पहिल्या रांगेत बसून राहिला नाही, दुसऱ्या व्हायोलिनच्या खुर्चीत जाऊन बसला.

गढ्यांचा हा काळ सोन्याचा होता असे मात्र मी म्हणणार नाही. हायडन १७६१ मध्ये एस्टरहाझी या सरदार घराण्याच्या चाकरीत लागला, तेव्हाच्या करारात त्याने पांढरे मोजे घालावेत, केसांना पावडर लावावी, दिवसातून दोनदा बाहेरच्या दालनात हजर राहून हुकूम विचारावा, असे लिहिले होते. त्याने रचलेले संगीत धन्याखेरीज कोणाला देता येत नव्हते. ही अट १७७९ च्या नव्या करारात गेली. दोनच वर्षांनी, १७८१ मध्ये, त्याने ओपस ३३ चे सहा क्वार्टेट नव्या, खास पद्धतीने लिहिल्याची पत्रे पाठवून वर्गणीदार गोळा केले. मालकी हातात आली आणि माणसाने काय लिहिले, हे त्या सहांत ऐकू येते. म्हणून आयोजकांना विनंती, कृपा करून वादकांना टोप आणि चाकरांचे पोशाख चढवू नका. जुन्या वास्तूत जुने कपडे घालायचा मोह होतो. पण तो पोशाख आवडीने घातलेला नव्हता.

आता अंगण आणि दिवाणखाना यांविषयी. अंगणात माणसे जास्त मावतात आणि महोत्सवाचा खर्च निघायला हवा, हे हिशोबाच्या माणसाला कोणी शिकवायला नको. पण उघड्यावर आवाजाला परत फिरवणारे छत नसते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने उतरतो. म्हणून ध्वनिक्षेपक आणावे लागतात आणि ते आले की चारांचा एक होतो. खोलीचे उलट असते. भिंती, छत, जमीन थोडा थोडा सूर परत देतात. आवाज साठ डेसिबलने विरायला लागणारा वेळ चेंबर म्युझिकसाठी साधारण दीड सेकंदाच्या आसपास असावा, असे जाणकार सांगतात. मोठ्या वाद्यवृंदाला दोन सेकंद चालतात. उंच दगडी दालनात, प्रार्थनागृहात, तो याहून कितीतरी वाढतो आणि हायडनच्या झटपट संवादाचा काला होतो. म्हणजे कॅसलमधले सर्वांत भव्य दालन हेच सर्वांत योग्य असेल असे नाही.

यावर उपाय आहेत आणि ते जुनेच आहेत. ऑस्ट्रियातल्या आयझेनश्टाटच्या एस्टरहाझी कॅसलमध्ये, जिथे हायडनने वर्षानुवर्षे वाजवले, तिथल्या दगडी फरशीवर नादासाठी लाकडी जमीन घातली गेली आणि आज ते दालन त्याच्याच नावाने ओळखले जाते. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन यांनी १८९५ पासून एका घुमणाऱ्या व्याख्यानगृहात शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्रीतून आणून मांडल्या, किती गाद्यांनी किती फरक पडतो ते घड्याळ लावून मोजले आणि त्यातून नादशास्त्राचा पाया घातला. पडदे, गालिचे, गाद्या, भरलेल्या खुर्च्या, सगळे घुमणे कमी करतात. महोत्सवाच्या आधी दोन वादकांना घेऊन प्रत्येक दालनात अर्धा तास बसा आणि टाळी वाजवून पाहा, एवढेच माझे म्हणणे. दालन रिकामे असताना जास्त घुमेल, हे धरून चाला. दमटपणाकडेही बघा. लाकडी वाद्यांना चाळीस ते साठ टक्के आर्द्रता मानवते. जाड दगडी भिंतींच्या आत ती सहज याहून चढते, मग खुंट्या फुगून अडकतात, आणि आतड्याच्या तारा लावलेल्या असतील तर दर दहा मिनिटांनी सूर मिळवत बसावे लागते. एक आर्द्रतामापक आणि हवा कोरडी करणारे एक यंत्र, एवढ्यावर हे भागते. छायाचित्रातल्या दोन मनोऱ्यांपेक्षा खचितच कमी खर्चात.

माणसे कमी मावतील, हा प्रश्न तरीही उरतो. एकच मैफल संध्याकाळी दोनदा करा. आणि तालमी उघड्या ठेवा. ऑस्ट्रियातल्या लोकेनहाउस या हंगेरीच्या सीमेजवळच्या लहानशा गावी १९८१ मध्ये व्हायोलिनवादक गिडॉन क्रेमर यांनी चेंबर म्युझिकचा महोत्सव सुरू केला, तो तिथल्या पाद्रीच्या साथीने. गावात मध्ययुगीन कॅसल आहे आणि चर्चही, मैफली दोन्हीकडे होत आल्या. तिथला कार्यक्रम महिनोन् महिने आधी छापून ठेवण्याऐवजी ऐनवेळच्या थोडे आधी ठरवायची रीत होती. वादक एकत्र राहतात, तालमी करतात, जे पिकते ते वाढतात. अमेरिकेत मार्लबरोला १९५१ पासून असेच चालते. तिथे ज्येष्ठ आणि तरुण वादक आठवडेच्या आठवडे एकत्र तालीम करतात आणि रचना तयार झाली असे वाटले तरच ती मैफलीत येते. ऐकणारे तरीही येतात, कार्यक्रम न बघता तिकीट काढतात. नव्या महोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिकेत चार संध्याकाळी गच्च भरलेल्या दिसल्या. सकाळी मात्र रिकाम्या आहेत.

त्यातली एक सकाळ हौशी वादकांना द्या. माझी खरी मागणी ही आहे, बाकी सगळे तिच्या ओघात आले. चार नामवंत वादक संध्याकाळी जिथे बसणार, त्याच दालनात सकाळी आमच्यासारखे बसू देत. स्पर्धा नको, बक्षीस नको, प्रेक्षकही नसले तर चालतील. महोत्सवातल्या वादकांपैकी एखाद्याने वाटले तर बाजूला येऊन बसावे, वाटले तर एखादी वही उचलून आमच्यात वाजवावे. हौशी लोक आपापली पातळी लपवतील अशी भीती वाटत असेल तर त्याचेही उत्तर आहे. १९४७ मध्ये अमेरिकेत लिओनार्ड स्ट्रॉस या हौशी वादकाने चेंबर म्युझिक वाजवणाऱ्यांची एक नामसूची सुरू केली. प्रवासात कोणत्याही गावी वाजवायला सोबती मिळावेत, हा हेतू. त्या सूचीत प्रत्येकाने स्वतःची श्रेणी स्वतःच लिहायची असते. लोक ती प्रामाणिकपणे लिहितात, कारण खोटी लिहिली तर पहिल्या पानावरच उघड होते आणि बाकीच्या तिघांची सकाळ वाया जाते.

आमचे निवृत्त शिक्षक आता ७४ वर्षांचे आहेत. डाव्या हाताचे चौथे बोट पूर्वीसारखे पडत नाही, म्हणून त्यांनी गेल्या वर्षी बऱ्याच ठिकाणी बोटे बदलून पुन्हा वह्यांवर पेन्सिलीने लिहून काढली. ‘एम्परर’ची पहिली फेरी, जिथे धून दुसऱ्या व्हायोलिनकडे येते आणि पहिले व्हायोलिन तिच्या भोवती बारीक नक्षी काढत जाते, ती ते फार सुंदर वाजवतात, घाई न करता. ती त्यांना एकदा लाकडी छताखाली, योग्य खोलीत, वाजवायला मिळावी, अशी माझी इच्छा आहे. आमच्या रविवारच्या खोलीचे छत ठेंगणे आहे आणि खिडकीतून रस्ता येतो.

आयोजकांपर्यंत हे पत्र पोहोचलेच, तर आमची तयारी कळवून ठेवते. वह्या आमच्या, स्टँड आमचे, चेलोच्या दांडीसाठी पट्टाही आमचा. लागतील त्या फक्त चार खुर्च्या, सारख्या उंचीच्या आणि बिनहातांच्या. हातांच्या खुर्चीत गज अडतो.

आपली,
एक हौशी व्हायोलावादक वाचक